समुद्राकाठचे घर आणि जमिनीचा धनी

परदेशात घर घेणे इस्लामला मान्य आहे काय, असे कुणी विचारले तर उत्तर देणे कठीण नाही. कमाई हलाल असेल आणि व्यवहारात व्याज नसेल, तर घर अरबी समुद्राकाठी घ्या की भूमध्य समुद्राकाठी, शरीयतला हरकत नाही. परंतु आमच्या जमातीतील एका ज्येष्ठ बंधूंनी दुबईहून फोन करून जे विचारले, त्याने माझी काही दिवसांची झोप उडाली. सायप्रस बेटाच्या उत्तर भागातील इस्केले या गावी समुद्राला लागून उंच इमारती उभ्या राहत आहेत. पोहण्याचा तलाव, सुलभ हप्ते, भाड्याचे आश्वासन. ‘‘शिवाय मौलाना, आपल्याच लोकांचा मुलूख आहे, अजान कानी पडते,’’ असे ते म्हणाले. इसाराची रक्कम त्यांनी भरलीही होती.

या गावाचे जुने नाव त्रिकोमो. जुलै 1974 मध्ये ग्रीसच्या लष्करी राजवटीच्या पाठबळाने सायप्रसमध्ये सत्ता उलथवली गेली, पाचच दिवसांनी तुर्कस्तानचे सैन्य बेटावर उतरले आणि ऑगस्टमध्ये बेट दुभंगले. दीड लाखाहून अधिक ग्रीक सायप्रसवासी घरे सोडून दक्षिणेकडे पळाले. हजारो तुर्क सायप्रसवासी आपली घरे सोडून उत्तरेकडे आले. लार्नाका शहरातील इस्केले नावाच्या वस्तीतून आलेले तुर्क त्रिकोमोमध्ये राहिले आणि त्यांनी आपल्या हरवलेल्या वस्तीचे नाव या गावाला दिले. गावाचे नावसुद्धा निर्वासितांनी सोबत आणलेले! त्याच लार्नाकाजवळ, खाऱ्या सरोवराकाठी, हजरत उम्मे हराम (रजि.) यांची कबर आहे. सागरी मोहिमेसोबत त्या या बेटावर आल्या आणि वाहनावरून पडून त्यांचा मृत्यू झाला.

दुःख दोन्हीकडचे आहे, हे मी मुद्दाम सांगतो. 1963 पासून तेथील तुर्क वस्त्यांनी जे सोसले, ते खोटे नव्हे. तथापि आपला प्रश्न निराळा आहे: ज्या जमिनीवर ती इमारत उभी आहे, ती कुणाची?

तेथील मालकीपत्रे एकाच प्रकारची नाहीत. काही जमिनी 1974 पूर्वीपासूनच तुर्कांच्या मालकीच्या होत्या. त्या घेण्यात मला दोष दिसत नाही. काही जमिनी दक्षिणेत घरदार गमावलेल्यांना मोबदला म्हणून दिल्या गेल्या, तर काही प्रशासनाने नुसत्या वाटून टाकल्या. या शेवटच्या दोन प्रकारांत मूळ मालक ग्रीक असू शकतो. तो किंवा त्याची मुले हयात असतील, आणि त्यांना कुणी विचारलेले नसेल.

फिकहमध्ये याला गस्ब म्हणतात. मालकाच्या संमतीविना त्याची वस्तू विकली, तर शाफई मतानुसार तो सौदाच बातिल. हनफी मतानुसार तो मालकाच्या संमतीवर अडकून राहतो. कोकणातला वाचक शाफई असो वा देशावरचा हनफी, मालकाने होकार देईपर्यंत जमीन त्याची होत नाही. मूळ मालकांना भरपाई मागता यावी म्हणून 2006 पासून तेथे एक आयोग काम करतो. मालकाने अशी भरपाई स्वीकारली असेल, तर गोष्ट वेगळी. तसा कागद मागून पाहावा.

आता ‘‘मालक मुसलमान नाही’’ हा युक्तिवाद. तो मला सर्वांत लाजिरवाणा वाटतो. एखाद्या समाजाशी असलेले वैर तुम्हाला न्यायापासून ढळवू नये, ही कुरआनची शिकवण आपण मिंबरवरून ऐकतो ती कशासाठी? मदिनेत मस्जिद बांधायची होती, तेव्हा जागा सहल आणि सुहैल या दोन अनाथ मुलांची निघाली. त्यांनी ती दान देऊ केली, प्रेषित (स.) यांनी दान न घेता ती विकत घेतली. आणि हजरत सईद बिन जैद (रजि.) यांच्यावर एका स्त्रीने जमीन बळकावल्याचा आरोप केला, तेव्हा वीतभर जमीन हडपणाऱ्याच्या गळ्यात सात जमिनींचा फास पडेल ही हदीस त्यांना आठवली. आरोप खोटा होता. तरी त्यांनी ती जमीन सोडून दिली.

लार्नाकातून हाकलला गेलेला तुर्क ज्या घरात निवारा शोधतो, त्याची लाचारी मी समजू शकतो. त्याच्याबद्दल फतवा देण्याचा मला अधिकार नाही. पण दुबईत बसून भाड्याचा हिशोब मांडणाऱ्याला कोणती लाचारी? वक्फच्या जमिनी बळकावल्या गेल्या म्हणून आपण सभा घेतो, निवेदने देतो. ज्यांनी त्या कागद करून विकत घेतल्या, तेही म्हणतात, ‘आम्ही पैसे मोजले आहेत.’

कायद्याची भीतीही आहेच. लापिथोस येथे अशा जमिनीवर बंगला बांधणाऱ्या ब्रिटिश दांपत्याविरुद्ध सायप्रसच्या न्यायालयाने दिलेला निकाल ब्रिटनमध्येही अमलात आणता येईल, असे युरोपीय न्यायालयाने 2009 मध्ये ठरवले. पण ही भीती नसती, तरी माझे उत्तर बदलले नसते.

मी त्या बंधूंना एवढेच म्हटले, ‘‘मालकीपत्र कोणत्या प्रकारचे आहे, ते लेखी मागवा.’’ आठवड्याने त्यांचा फोन आला. विक्रेत्याने कळवले होते की तेथे सगळी मालकीपत्रे सारखीच असतात, आणि इसार परत मिळणार नाही. ती रक्कम त्यांच्या दोन वर्षांच्या बचतीची आहे. दुसरा हप्ता पुढच्या महिन्यात भरायचा आहे.