उसवणे की सावरणे?

साध्या क्रोशाच्या विणकामाचे एक वैशिष्ट्य असे की, सुईवर जिवंत टाका एका वेळी एकच असतो. दोन सुयांच्या विणकामात ओळीतले सारे टाके सुईवर उभे असतात आणि त्यांतला एक निसटला की तो शिडीसारखा खाली उतरत जातो. क्रोशात प्रत्येक टाका पुरा करूनच पुढे जावे लागते. म्हणूनच चूक ध्यानात आली तर सुई काढावी, धागा ओढावा आणि हव्या त्या जागेपर्यंत मागे यावे, इतके ते सोपे असते. मात्र या सोयीच्या पोटात एक कठोर अट दडलेली आहे. चूक नवव्या ओळीत असेल आणि काम तिसाव्या ओळीपर्यंत आले असेल, तर चुकीकडे जाणारी वाट वरच्या एकवीस ओळींमधून जाते. त्या ओळींचा अपराध काहीच नसतो, तरी त्या जातात. एक चूक निस्तरण्यासाठी किती निर्दोष श्रम मोडावेत, हा प्रश्न विणकामापुरता नाही. तो नीतीचाही प्रश्न आहे.

समजा, आमच्या खर्डी परिसरातील एखादी भगिनी मागणीवरून बाप्तिस्म्याचा पांढरा झगा विणीत आहे. थोडे कसारा लोकलच्या प्रवासात, थोडे रात्रीची भांडी आवरल्यावर, असे काम तिसाव्या ओळीपर्यंत आले आहे. बाप्तिस्मा रविवारी आणि आज गुरुवार. दिव्याखाली झगा पसरला असता तिला दिसते की, नवव्या ओळीत एक खांब सुटला आहे. घेणाऱ्यांच्या नजरेला तो कदाचित कधीच पडणार नाही. तिने उसवावे काय?

प्रथम चुकीची जात पाहिली पाहिजे. सुटलेल्या खांबामुळे पुढच्या प्रत्येक ओळीचा हिशेब चुकत गेला असेल, तर नक्षी सरकते आणि कड आत ओढली जाते. गोल रुमालात टाके कमी पडत गेले की रुमाल वाटीसारखा वळतो. अधिक होत गेले की कडेला झालरीसारख्या लाटा उठतात. ही बांधणीतली चूक होय. इस्त्रीने ती घटकाभर दबते आणि पहिल्या धुण्यात पुन्हा डोके वर काढते. परंतु दहाव्या ओळीत एक टाका वाढवून हिशेब जुळवला गेला असेल, तर चूक जेथे घडली तेथेच थांबली. एका फुलाची एक पाकळी कमी, एवढाच तिचा अर्थ. तिसरी जात सर्वांत फसवी. धाग्याचे टोक नीट न गुंफताच कापले गेले, तर झगा आज देखणा दिसेल. पण वर्षभराने बाळाच्या अंगावरच तो उसवू लागेल.

संत थॉमस अक्विनास यांनी ‘सुम्मा थिओलॉजिए’ या आपल्या ग्रंथात विक्रीच्या वस्तूतील दोषांचा विचार केला आहे. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल, तर तो दोष उघड आहे. विक्रेत्याने त्या मानाने किंमत कमी केली असेल, तर मुद्दाम तो बोलून दाखवण्याचे बंधन त्याच्यावर नाही. परंतु दोष लपलेला असून त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान अथवा धोका संभवत असेल, तर विक्रेत्याने तो सांगितलाच पाहिजे. आपण व्यवहारात नेमके याच्या उलट वागतो. ‘दिसत नाही ना, मग झाले!’ असे म्हणून स्वतःला मोकळे करतो. वस्तुतः दोष दिसत नाही, म्हणूनच आपले बंधन वाढते. जे घेणाऱ्याला स्वतः पाहता येत नाही, ते पाहण्यासाठी तो आपल्यावर विसंबलेला असतो.

यावरून आमच्या भगिनीला उत्तर मिळते. टोक सुटे असेल, तर ते गुंफल्याशिवाय झगा हातातून जाऊ नये. बांधणी बिघडली असेल, तर उसवावे. रविवार गाठणे अशक्य असेल, तर घेणाऱ्यांना तसे सांगून निर्णय त्यांच्यावर सोपवावा. एक पाकळी कमी असेल, तर निश्चिंत मनाने झगा द्यावा.

येथे दुसरी बाजूही पाहणे अगत्याचे आहे. उसवण्याची किंमत कोण मोजतो? १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळात आयर्लंडमधील कॉर्कजवळच्या ब्लॅकरॉक येथे उर्सुलाइन धर्मभगिनींनी स्त्रियांना व मुलींना क्रोशाची लेस शिकवली आणि त्या कामाने असंख्य कुटुंबांच्या चुली पेटत्या ठेवल्या. आपल्या देशातही आंध्र प्रदेशातील नरसापूर येथे मिशनरी कुटुंबांच्या प्रयत्नांतून एकोणिसाव्या शतकात हीच कला रुजली. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ मध्ये नरसापूरच्या लेस विणणाऱ्या स्त्रियांवर ग्रंथ लिहिला. या स्त्रिया दिवसाचे अनेक तास राबतात; परंतु ‘घरबसल्या फावल्या वेळेतले काम’ म्हणून त्यांच्या श्रमांना अत्यल्प मोल मिळते, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. नगावर मजुरी घेणाऱ्या स्त्रीला विणण्याचे पैसे मिळतात, उसवण्याचे नाहीत. तेव्हा एका पाकळीसाठी ‘हे परत करून द्या’ असे सहज म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाने, आपण दुसऱ्याची एक रात्र फुकट मागत आहोत, याचे भान ठेवावे. निर्दोषतेचा आग्रह धरणाऱ्याने तिचा खर्च उचलण्याचीही तयारी ठेवली पाहिजे.

शिवाय प्रत्येक उसवणे हे प्रामाणिकपणाचेच लक्षण असते असेही नाही. ग्रीक महाकवी होमर याच्या ‘ओडिसी’ या महाकाव्यातील पेनेलोपी दिवसा विणलेले रात्री उसवीत असे, ते लग्नासाठी टपून बसलेल्यांना झुलवण्यासाठी. आपल्यापैकी काही जण असेच स्वतःला झुलवीत असतात. पुरते निर्दोष होईपर्यंत हातचे काम द्यायचे नाही, अशा हट्टामागे सेवाभाव थोडा आणि स्वतःच्या नावाची चिंता अधिक असते. असा मनुष्य जन्मभर विणतो. पण त्याच्या हातून कोणाचेच अंग झाकले जात नाही.

आता सर्वांत अवघड प्रसंगाकडे वळू. शहापूर तालुक्यातून नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग जातो. ७०१ किलोमीटरच्या या मार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. अशा मार्गांसाठी जमिनी जातात, मोबदला येतो आणि जुने सातबारे उघडले जातात. त्या वेळी अनेक कुटुंबांत एक जुनी ओळ दिसू लागते. वडील निवर्तल्यावर बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतलेल्या असतात. कधी समजावून, कधी ‘माहेर तुटेल’ या धाकाने. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ प्रमाणे मृत्युपत्र न करता निवर्तलेल्या ख्रिस्ती पित्याच्या मालमत्तेत मुलाचा आणि मुलीचा वाटा सारखाच असतो. धाकाने घेतलेली सही ही नवव्या ओळीतली चूक होय. परंतु मधल्या वीस वर्षांत त्या जमिनीवर घर उभे राहिले, त्या घरात सून आली, नातवंडे झाली. या वरच्या ओळींचा अपराध काय? त्या उसवाव्यात काय?

अक्विनास यांचे उत्तर येथेही मार्ग दाखवते. जे घेतले तेच परत करता येत नसेल, तर शक्य तितकी भरपाई करावी. ते परत करता येत नाही, एवढ्यावरून ऋण फिटत नाही. क्रोशाच्या भाषेत बोलायचे तर वरच्या ओळी राखाव्यात. परंतु पुढच्या ओळीत टाका वाढवून हिशेब जुळवावा, आणि तो उघडपणे जुळवावा. गुपचूप दिलेले पैसे उपकारासारखे दिसतात. ‘हा तुझाच वाटा होता’ असे म्हणून दिलेले पैसेच न्याय ठरतात.

शुभवर्तमानातील कोऱ्या कापडाच्या ठिगळाचा दाखला आपणा सर्वांना ठाऊक आहे. कोरे ठिगळ आटते आणि जुन्या वस्त्राला अधिक फाडते. जाणत्या विणकर स्त्रिया म्हणूनच जुने विणकाम सावरण्यापूर्वी नवा सुती धागा धुऊन, आटवून घेतात. भरपाईचेही तसेच आहे. आपल्या सोयीने, आपल्या घाईने ठरवलेली रक्कम कोऱ्या ठिगळासारखी नाते अधिक फाडते. तेव्हा आकडा ठरवण्यापूर्वी भावाने बहिणीच्या दारी जावे, ती काय म्हणते ते शेवटपर्यंत ऐकावे आणि तोपर्यंत आपले स्पष्टीकरण आवरून धरावे. तिचे म्हणणे पैशांविषयी असेल किंवा नसेलही; कदाचित आईच्या आजारपणात आपल्याला कोणी बोलावले नाही, हेच तिला आधी सांगायचे असेल.

उसवलेला सुती धागा वाकडातिकडा होतो. गेलेल्या प्रत्येक टाक्याची आठवण तो अंगावर बाळगतो. त्याची लड बांधून, भिजवून, खाली थोडे वजन लावून टांगली, तर वाळेपर्यंत तो पुष्कळसा सरळ होतो. त्याला वेळ द्यावा लागतो. ओल्या धाग्याने कोणी विणीत नाही. भावाला दारात पाहून बहीण पहिल्याच दिवशी हसली नाही, तर त्याने रागावू नये. चहा घ्यावा आणि पुन्हा यावे.