ओळखीचा बाजार

ओळखीच्या माणसावर आपण जो विश्वास टाकतों, तो त्याच्या सचोटीवर असतो कीं आपल्याच सवयीवर? कलकत्त्याच्या शेअरबाजाराचा इतिहास चाळतांना हा प्रश्न मला वारंवार अडवितो.

या बाजाराचा आरंभ १८३० नंतरच्या दशकांत एका निंबाच्या झाडाखालीं झाला, असें सांगतात. तेथें छप्पर नव्हतें, लेखी नियम नव्हते. दलालाचा शब्द हाच करार. १९०८ सालीं या मंडळींनीं रीतसर संस्था स्थापिली आणि १९२८ सालीं लायन्स रेंजमध्यें तिची इमारत उभी राहिली. ताग, चहा आणि कोळसा या धंद्यांतील कंपन्यांचे भाग तेथें प्रामुख्यानें विकले जात. ज्या गिरणीचा भाग घ्यावयाचा तिचें धुराडें हुगळीच्या कांठीं दिसे; तिच्या चालकांची पत गल्लींत ठाऊक असे. प्रांतिक बाजाराचें खरें भांडवल हें शेजाराचें ज्ञान होय. दूरचा सावकार ज्याला दारांत उभें करणार नाहीं, त्याला शेजारी उसनें देतो. हा गुण मी क्षुल्लक मानीत नाहीं.

परंतु ओळखीबरोबर भीड येते. परक्याकडे तारण मागतांना जीभ अडखळत नाहीं. रोज शेजारीं बसून चहा घेणाऱ्याकडे मागतांना अडखळते. मार्च २००१ मध्यें कलकत्त्याच्या कांहीं दलालांना आपलें देणें चुकतें करतां आलें नाहीं. सौदे फुगत गेले होते, आणि वेळच्या वेळीं जें तारण घ्यावयास हवें होतें तें पुरेसें घेतलेलें नव्हतें. अखेर बाजाराच्या सामाईक हमी निधीला हात घालावा लागला. म्हणजे एकाच्या साहसाची झीज दुसऱ्यानें सोसली.

मुंबईंत राष्ट्रीय शेअरबाजाराचीं यंत्रें १९९४ पासूनच चालूं झालीं होतीं. त्यांच्या पडद्यावर घेणारा व विकणारा एकमेकांस दिसत नाहींत. यंत्राला भीड नाहीं, जात नाहीं, मेहुणा नाहीं! गिऱ्हाइकें तिकडे वळलीं. २०१२ सालीं सेबीनें वर्षाला एक हजार कोटी रुपयांच्या उलाढालीची अट घातली, आणि प्रांतिक बाजार एकामागून एक मिटले. आमच्या पुण्याचाही त्यांतच गेला. कलकत्त्यांतील सौदे एप्रिल २०१३ मध्यें थांबले.

यंत्रानें विश्वास वाढविला, असें म्हणतात. मला वाटतें, त्यानें विश्वासाची गरज कमी केली, आणि या दोन गोष्टी एक नव्हेत. शिवाय लहानशा गिरणीचा भाग आतां कोण घेणार? पडद्यापलीकडच्या परक्याला तिचें धुराडें दिसत नाहीं. तरीही माझी पुंजी कोठें ठेवूं, असें मींच मला विचारलें, तर मी यंत्राकडे बोट दाखवीन. आणि निंबाखालच्या त्या दलालासमोर तें उत्तर देतांना मला थोडी लाज वाटेल, हेंही कबूल केलें पाहिजे.