पिशवी हलकी झाली, पण ओझं गेलं कुठे?



दिवाळी झाली की आपल्या फॅमिली ग्रुपवर सहलीचे बेत सुरू होतात. यंदा बऱ्याच घरांचा बेत एकच आहे. इंदूरहून रात्रीच्या गाडीने जबलपूर, एक दिवस भेडाघाट, मग कान्हाची सफारी. बेत ठरला की प्रश्न येतो, सामान किती घ्यायचं? त्यावर कुणीतरी लगेच लिहितं, "कमीत कमी घ्या, हाच खरा अपरिग्रह!" वाचायला छान वाटतं. पण बॅग लहान असणं आणि अपरिग्रह या एकच गोष्टी आहेत का? भंडाऱ्याच्या पोळ्या लाटताना आम्ही बायका यावर बरंच बोललो. ते इथे मांडतो.

आधी व्यवहाराचं बोलू. कान्हात सकाळची सफारी उजाडतानाच सुरू होते. डिसेंबर-जानेवारीत तिथल्या कुरणांवर दव गोठतं आणि उघड्या जिप्सीत वारा हाडांपर्यंत जातो. दुपारी मात्र स्वेटर नकोसा होतो. म्हणून एक जाड कोट नेण्यापेक्षा एकावर एक घालता येतील असे दोन-तीन कपडे, कानटोपी, हातमोजे आणि एक शाल घ्यावी. रंग मातकट, खाकी, हिरवा असावा, जंगलात लाल-पांढरं खुपतं. फाटकावर मूळ ओळखपत्र लागतं. भेडाघाटच्या पायऱ्यांसाठी न घसरणारी चप्पल हवी. एवढ्याला खांद्यावरची एक पिशवी पुरते.

आता खरा मुद्दा. प्रत्येक घरात एक जण असा असतो, जो स्टेशनवर अभिमानाने सांगतो, "बघा, माझी एकच पिशवी!" आणि शेजारी उभ्या वहिनींच्या दोन बॅगा असतात. त्यात त्याची बीपीची गोळी असते, नातवाचं स्वेटर असतं, सासूबाईंची गरम पाण्याची पिशवी, सगळ्यांसाठी शेव, पुऱ्या आणि थर्मस असतो. मग वहिनींनाच ऐकवलं जातं, "किती घेता हो तुम्ही!" यात अपरिग्रही कोण? वहिनींची बॅग जड आहे, कारण बाकी सगळ्यांच्या हलक्या आहेत.

पतंजलींनी पाच यम सांगितले: अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह. अपरिग्रह शेवटी येतो, अस्तेय त्याच्या आधी. आम्हाला या क्रमात एक अर्थ दिसतो. आपलं ओझं गुपचूप दुसऱ्यावर टाकून जो हलका झाला, त्याने अस्तेयाची पायरी चुकवली. मग अपरिग्रहाची पायरी त्याला कशी मिळेल?

यावर एक भगिनी म्हणाल्या, "मग नर्मदा परिक्रमावासी? तेही साठा ठेवत नाहीत, लोकांच्या घरी जेवतात." प्रश्न रास्त आहे. ओंकारेश्वरला आपण त्यांना पाहतोच. जुन्या रीतीने चालणारा परिक्रमावासी जवळ पैसा ठेवत नाही, उद्याचा शिधा बांधत नाही. त्याचं ओझं काठावरची गावं उचलतात. पण तो ते लपवत नाही. हात पसरतो, मिळेल ते घेतो, नाही मिळालं तर उपाशी राहतो, आणि देणाऱ्याला "नर्मदे हर" म्हणून वाकतो. आपण दुसऱ्याच्या आधारावर चाललो आहोत हे त्याला पावलोपावली ठाऊक असतं. एका पिशवीच्या अभिमानात नेमकी हीच जाणीव नसते.

दुसरी गोष्ट कान्हाचीच. हे राष्ट्रीय उद्यान 1955 साली झालं, 1973 साली व्याघ्र प्रकल्पात आलं. आज मोकळी दिसणारी कुरणं बारशिंग्यांना आणि वाघांना मिळावीत म्हणून आतली बैगा आणि गोंड लोकांची गावं बाहेर हलवली गेली. आपल्यातले कुणी कुणी सहलीहून येऊन सांगतात, "ते लोक बघा, किती थोडक्यात सुखी!" हे बोलताना जरा थांबावं. ज्याने आपणहून सोडलं तो त्याग. ज्याच्या हातून सुटलं, त्याला आपण त्याग म्हटलं तर आपलीच सोय होते. त्यांच्या थोडक्यातल्या संसाराचं कौतुक करण्याआधी, गाइड, हॉटेलचा वाढपी, जिप्सीचा ड्रायव्हर यांचा मान आणि मोबदला नीट दिला का, ते पाहावं.

आणि एक ओझं कुठल्याच काट्यावर येत नाही. "एवढा खर्च केलाय, वाघ दिसलाच पाहिजे." हे घेऊन सहा जण जिप्सीत बसले की गाइडवर दबाव येतो, गाडी दामटली जाते, आणि समोरचं हरीण, साळवृक्षांतून उतरणारं ऊन, काहीच दिसत नाही. केनियात सफारीच्या छोट्या विमानांना साधारण 15 किलोची मर्यादा असते, म्हणून तिथे बॅग आपोआप आवरली जाते. मनातल्या हट्टाला मर्यादा घालणारं विमानतळ कुठेच नाही. ते काम आपल्यालाच करायचं आहे.

म्हणून बॅगेची चेन लावण्याआधी तीन प्रश्न विचारूया.
1. मी जे घेतलं नाही, ते माझ्यासाठी कोण उचलणार आहे? त्या व्यक्तीला मी विचारलं का?
2. जे घेतलं, ते गरजेपोटी, काळजीपोटी की दाखवण्यापोटी? काळजीचं असेल तर ते वाटून घेता येईल का?
3. परतताना मागे काय राहील? रिकाम्या पिशवीने गेलो, पण रोज चार बाटल्या विकत घेऊन फेकल्या, तर हलकं कोण झालं?

घरोघरी एक छोटी सेवा करता येईल. औषधं, खाऊ आणि गरम कपडे घरातल्या सगळ्यांच्या पिशव्यांत वाटून भरा, लहान मुलांच्याही. पिशव्या एकेक किलोने जड होतील, आणि आईचा खांदा कितीतरी वर्षांनी मोकळा होईल. मग तिलाही जिप्सीतून जंगल बघता येईल. आम्हाला वाटतं, अपरिग्रहाची सुरुवात इथूनच व्हावी.

श्रीगुरुचरणी अर्पण.