एका वर्गातली वर्षे

दहावीची शालान्त परीक्षा मार्चच्या सुमारास येते आणि तिच्या आधी काही दिवस महाराष्ट्रातल्या बहुतेक माध्यमिक शाळांत निरोपसमारंभ होतो. फळ्यावर रंगीत खडूंची नक्षी उमटते, नववीची मुले दहावीला निरोप देतात, दोन-चार जण भाषणे करतात आणि अखेरीस शिक्षकांना मध्ये बसवून वर्गाचे छायाचित्र घेतले जाते. १९७५ साली शालान्त परीक्षा अकरावीवरून दहावीवर आली. निरोपाचे वर्ष बदलले, रीत बदलली नाही. भाषणांत एक वाक्यही हमखास असते : आपण ही वर्षे एकत्र घालवली.

वाक्य साधे आहे. परंतु त्यात दोन दावे दडलेले आहेत. ही वर्षे सर्वांची एकच होती, हा पहिला. आणि ती एक असल्यामुळे आपण एकमेकांचे कोणीतरी झालो, हा दुसरा. दोन्ही दावे तपासून पाहण्यासारखे आहेत.

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. 'आम्ही' म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हणताना तो आत येतो. निरोपाच्या भाषणात मुले शिक्षकांना उद्देशून 'आम्ही' म्हणतात आणि एकमेकांकडे वळून 'आपण'. 'आम्ही' ही गणना आहे. पटावरची नावे मोजली की ती पुरी होते. 'आपण' हे मात्र आवाहन आहे, आणि ज्याला ते केले त्याने स्वीकारल्यावाचून ते पुरे होत नाही.

दुसरा दावा आधी पाहू. वर्ग कोणी निवडत नाही. जन्माचे वर्ष, घरापासून शाळेचे अंतर, तुकड्या पाडण्याची पद्धत, एवढ्यावर चाळीस-पन्नास मुले एका खोलीत येतात. ॲरिस्टॉटलने मैत्रीचे तीन प्रकार सांगितले : उपयोगावर, सुखावर आणि सद्गुणावर आधारलेली. तिन्हींत एकाला दुसरा हवासा वाटण्याचे काही कारण असते. वर्गसोबत्याच्या बाबतीत असे कारण मुळात नसते. त्याचे नाते मित्रापेक्षा शेजाऱ्याच्या किंवा भावंडाच्या जातीचे असते. संस्कृतने त्यासाठी 'सतीर्थ्य' असा वेगळा शब्द ठेवला, तो याच जाणिवेने असावा.

या नात्याने कोणता हक्क निर्माण होतो? महाभारताच्या आदिपर्वात हा प्रश्न उघडपणे येतो. द्रोण आणि द्रुपद एका आश्रमात वाढले. पुढे द्रुपद पांचालांचा राजा झाला आणि दरिद्री द्रोण जुन्या सख्याची आठवण घेऊन त्याच्या दारी गेला. द्रुपदाने उत्तर दिले ते असे : मैत्री समानांत होते; काळाबरोबर माणसे झिजतात तशी मैत्रीही झिजते; राजा आणि राज्यहीन यांचे सख्य कसले? हे उद्धट आहे, पण युक्तिवाद म्हणून पोकळ नाही. ज्या परिस्थितीने दोघांना एकत्र आणले ती संपल्यावर बंधन कशाच्या बळावर उरावे, असे तो विचारतो. द्रोणाने या प्रश्नाला उत्तर दिले नाही, सूड घेतला. शिष्यांकरवी द्रुपदाला पकडून आणले, गंगेच्या उत्तरेचे अर्धे राज्य स्वतःकडे ठेवले आणि आता आपण समान झालो, तेव्हा मित्र होऊ, असे सुनावले. म्हणजे द्रुपदाचेच तत्त्व त्याने मान्य केले. एकाने सहवासाचे खाते बुडीत म्हणून मिटवले, दुसऱ्याने ते सव्याज वसूल केले. ते खाते आहे याविषयी दोघांचे एकमत होते.

सुदाम्याच्या कथेत खातेवहीच नाही. सुदामा मागत नाही आणि कृष्ण मागण्याची वाट पाहत नाही. एकत्र काढलेल्या वर्षांनी जे निर्माण होते ते वसूल करण्याजोगे ऋण नव्हे. ती ओळख असते. ओळखीच्या बळावर काही मागता येत नाही. पण ती नाकारताही येत नाही. द्रोणाला गाय किंवा धन देणे द्रुपदावर बंधनकारक नव्हते. 'मी तुला ओळखतो' एवढे म्हणणे मात्र बंधनकारक होते.

आता पहिला दावा. वर्षे खरोखर एकच होती काय? बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या साताऱ्याच्या शाळेतील दिवसांविषयी लिहून ठेवले आहे. गुणानुक्रमाने जी जागा मिळायला हवी ती त्यांना मिळत नसे. कोपऱ्यात वेगळे बसावे लागे. बसायचे गोणपाट रोज घरून आणावे आणि संध्याकाळी परत न्यावे, कारण शाळेचा झाडूवालाही त्याला शिवत नसे. तहान लागली तरी शिपाई नळ सोडील तेव्हाच पाणी मिळे. घंटा तीच, धडे तेच, भिंती त्याच. पटावरच्या गणनेने हा वर्ग एक होता. वर्षे मात्र एक नव्हती.

त्या वर्गात मध्यभागी बसणाऱ्या एखाद्या मुलाने पुढे शाळेची आठवण सांगितली असेल, तर ती बहुधा आनंदाचीच असेल, आणि ती खोटी नसेल. न्यायदर्शन स्मृतीला यथार्थ अनुभवाच्या, प्रमेच्या, पंक्तीत बसवत नाही. स्मृती केवळ संस्कारातून उपजते; जे अनुभवले तेच ती परत देते. ज्याला कोपऱ्याकडे पाहण्याची गरज पडली नाही, त्याच्या मनावर कोपऱ्याचा संस्कारच नाही. म्हणून प्रामाणिक आठवण हीसुद्धा अन्यायाची साक्ष होऊ शकते. ती पुरी करायची तर कोपऱ्यातल्याला विचारावे लागते. दुसरा उपाय नाही.

आजचा कोपरा बहुधा दिसत नाही, कारण तो वर्गाबाहेर असतो. दिवाळीच्या आगेमागे मराठवाड्यातील ऊसतोडणीच्या टोळ्या कारखान्यांच्या पट्ट्यात उतरतात, आणि पाठीमागे सांभाळणारे कोणी नसले की मुलेही त्यांच्याबरोबर जातात. एखाद्या मुलीचे लग्न ठरते आणि पटावरचे नाव कमी होते. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांना आठवीपर्यंतची हमी देतो. निरोपसमारंभ ज्या दोन वर्षांच्या अखेरीस होतो ती त्या हमीच्या पलीकडे पडतात. छायाचित्रात ही मुले नसतात. मात्र पाचवी-सहावीच्या हजेरीपत्रकात त्यांची नावे शाईने लिहिलेली असतात. छायाचित्र शेवट गाठणाऱ्यांचे असते. वर्षे त्यांचीही होती.

यावर कोणी म्हणेल की निरोपाच्या दिवशी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांकडून हा हिशेब मागणे निष्ठुरपणाचे आहे. आक्षेप रास्त आहे. वर्गात कोण कुठे बसेल हे मुले ठरवत नाहीत, आणि कोणाची शाळा सुटेल हेही नाही. त्यांचा हुंदका खरा आहे. तो त्यांना लाभू द्यावा. परंतु घटनेची जबाबदारी आणि आठवणीची जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली पंधराव्या वर्षी जवळपास नसते. दुसरी वयाबरोबर वाढत जाते. पंचवीस वर्षांनी जुना वर्ग स्नेहमेळाव्याला जमतो तेव्हा यादी कशावरून केली, दहावीच्या छायाचित्रावरून की पाचवीच्या हजेरीपत्रकावरून, हा प्रश्न चाळिशीतल्या माणसाला टाळता येत नाही.

१९०७ साली आंबेडकर मुंबईत मॅट्रिक झाले तेव्हा त्यांचा सत्कार झाला. त्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. एका मुलाच्या शालेय वर्षांना समारंभ लाभला. पण तो वर्गाने केलेला नव्हता. 'आपण' म्हणणारी माणसे बाहेर भेटली.

मराठीत 'आपण' या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. ज्याचा मान राखायचा त्या समोरच्या व्यक्तीलाही आपण 'आपण' असेच संबोधतो. जो कोपऱ्यात बसला, किंवा ज्याचे नाव मध्येच पटावरून उतरले, त्याच्याशी बोलताना आधी या दुसऱ्या अर्थाने तो शब्द उच्चारावा लागेल. पहिला अर्थ लागू पडतो की नाही, हे मग त्याने सांगायचे आहे.