विजोड प्रीति आणि वडीलधाऱ्यांचें कर्तव्य

कोवळ्या वयाच्या मुलामुलींनीं प्रेमकथा वाचाव्या कीं वाचूं नयेत, हा वाद मराठी कादंबरीइतकाच जुना आहे. पूर्वीं अशी कादंबरी भूमितीच्या पुस्तकाखालीं दडविली जाई. आज ती पांघरुणांत मोबाइलच्या पडद्यावर वाचली जाते. जागा बदलली, दडवादडवी मात्र कायम राहिली. या कथांतला अलीकडे विशेष लोकप्रिय झालेला प्रकार असा कीं, नायक-नायिका शाळा-कॉलेजच्या वयाचीं असतात, आणि घर, जात, पैसा किंवा स्वभाव यांपैकीं कशांत तरी त्यांचा मेळ नसतो. एक बंगल्यांतली, दुसरा चाळींतला. एक बडबडी, दुसरा अबोल. तरीहि तीं एकमेकांवर जीव टाकतात, आणि वाचणारी मुलगी शेवट कळेपर्यंत झोंपत नाहीं. आईबापांना प्रश्न पडतो, हें पुस्तक काढून घ्यावें काय? आमच्या मतें या प्रश्नाच्या पोटांत दुसरा आणि अधिक गंभीर प्रश्न आहे. जी प्रीति वडीलधाऱ्यांना विजोड आणि अकालीं वाटते, तिच्याशीं त्यांनीं वागावें कसें? याचा निर्णय झाला कीं पुस्तकाचा निर्णय करणें फारसें अवघड राहत नाहीं.

प्रथम प्रतिपक्षाचें म्हणणें नीट मांडलें पाहिजे, कारण तें पोरकट नाहीं. पहिला आक्षेप असा कीं, जिला अजून वेळ आहे अशी भावना असल्या कथा आधींच जागी करतात. दुसरा असा कीं, त्या अर्धवट चित्र दाखवितात. दोघें एकमेकांना होकार देतात तेथें कथा संपते, आणि घरभाडें, नोकरी, आजारपण, नात्यागोत्याची माणसें हा सारा संसार शेवटच्या पानाच्या पलीकडे राहतो. तिसरा असा कीं, या कथांतले आईबाप बहुधा आंधळे नाहींतर दुष्ट रंगविलेले असतात, आणि त्यामुळें मुलांच्या मनांतला त्यांच्याविषयींचा आदर ढिला होतो.

यांपैकीं पहिला आक्षेप आम्हांला टिकण्यासारखा वाटत नाहीं. ही भावना वयाबरोबर येते. पुस्तक फार तर तिला शब्द पुरवितें. पूर्वीं एरंडोल तालुक्यांत मोडणाऱ्या धरणगांवीं १८९० सालीं जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांनीं १९०७ सालच्या जळगांवच्या कविसंमेलनांत कविता म्हटली, तेव्हां त्यांचें वय सोळा-सतराच्या घरांत होतें. तेथें त्यांना 'बालकवि' म्हणून गौरविण्यांत आलें, आणि महाराष्ट्र त्यांना त्याच नांवानें ओळखूं लागला. त्या वयाच्या मुलाची भावना खरी आणि खोल असूं शकते, हें खानदेशांत भरलेल्या त्या सभेनें उघडपणें मान्य केलें. फुलांवर आणि निर्झरावर प्रेम करण्यास जें वय अपुरें पडत नाहीं, तें माणसावर प्रेम करण्यास सर्वस्वीं अपुरें आहे असें म्हणणें तर्काला धरून होणार नाहीं. त्या वयाला अपुरी पडते ती परिणामांची जाणीव आणि धीर धरण्याची शक्ति. शेक्सपिअरची ज्यूलिएट अजून १४ वर्षांचीहि झालेली नाहीं. तिची प्रीति खरी आहे. पण भेट, लग्न आणि मरण हें सारें थोडक्या दिवसांत उरकतें, कारण तिला 'जरा थांब' असें मायेनें सांगणारें घरचें माणूस तिच्याजवळ नाहीं.

आतां 'विजोड' या शब्दाकडे वळूं. मेळ आहे कीं नाहीं हें कोण ठरवितो, आणि कोणत्या मापानें? गोविंद बल्लाळ देवलांचें 'संगीत शारदा' १८९९ सालीं रंगभूमीवर आलें. त्यांत अत्यंत विजोड असें एक लग्न ठरतें, पण तें अविचारी पोरांनीं ठरविलेलें नाहीं. पैशाच्या लोभानें एक बाप आपली कोवळी मुलगी भुजंगनाथ नांवाच्या म्हाताऱ्याला देऊं पाहतो आणि दलालाच्या मध्यस्थीनें सौदा जमतो. पुढें हें लग्न मोडतें, तेंहि वधू आणि वर सगोत्र निघाले म्हणून! आजोबाच्या वयाचा नवरा ही हरकत पुरेशी झाली नाहीं, गोत्र मात्र पुरेसें झालें. वडीलधाऱ्यांच्या मापाचें याहून कडू चित्र काढणें कठीण.

हें माप काळाबरोबर किती बदललें, हेंहि आठवावें. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यानें १२ वर्षांची मर्यादा घातली, तेव्हां महाराष्ट्रांत मोठें वादळ उठलें. १९२९ च्या कायद्यानें मुलीच्या लग्नाचें किमान वय १४ ठरविलें, आणि १९७८ सालीं तें १८ झालें. ज्या वयांत मुलीनें कोणावर मन जडविणें आज आपल्याला अकालीं वाटतें, त्या वयांत आपल्यापैकीं अनेकांच्या पणज्या लेकुरवाळ्या झाल्या होत्या. तेव्हांच्या वडिलांना त्या वयाची अडचण वाटली नाहीं, कारण निवड त्यांच्या हातची होती. यावरून बालविवाह बरे होते असें कोणी समजूं नये. ते गेले हें फार चांगलें झालें. परंतु आपला राग मुलीच्या वयावर आहे, कीं निवड आपल्या हातून गेली यावर आहे, हें प्रत्येक आईबापानें स्वतःशीं एकदां तपासावें. वयाची काळजी ही माया असते. निवड हातून गेल्याचा संताप हा मानापमानाचा प्रश्न असतो, आणि तो मायेचा वेष घेऊन येतो म्हणून अधिक घातक होतो.

एरंडोलच्या रहिवाशांना या प्रश्नाचा विचार करण्यास फार दूर जावयास नको. अंजनी नदीच्या काठचें हें गांव म्हणजे महाभारतांतील एकचक्रा नगरी, अशी तेथील जुनी समजूत आहे. जवळच्या पद्मालयाच्या परिसरांत भीमानें बकासुराला मारल्याची जागाहि दाखविली जाते. इतर गांवेंहि हा मान आपल्याकडे घेतात. तो वाद येथें सोडविण्याचें प्रयोजन नाहीं. बकासुराची कथा सर्वांना ठाऊक आहे. आदिपर्वांत तिच्या लगेच अगोदर येणारी हिडिंबेची कथा मात्र आमच्या विषयाला अधिक जवळची आहे.

लाक्षागृहांतून निसटलेले पांडव अरण्यांत झोंपले आहेत आणि भीम पहाऱ्यावर जागा आहे. त्यांना मारून आणण्यासाठीं हिडिंब राक्षस आपल्या बहिणीला पाठवितो, आणि ती भीमाला पाहतांच त्याच्यावर भाळते. याहून विजोड जोडी कल्पनेंतहि सांपडणार नाहीं. एक कुरुकुलांतला राजपुत्र, दुसरी माणसें खाणाऱ्या कुळांतली राक्षसी! हिडिंबाला ठार केल्यावर भीम तिच्यावरहि उठतो. युधिष्ठिर त्याला आवरतो. मग हिडिंबा कुंतीपुढें हात जोडून उभी राहते आणि आपलें मन तिच्याजवळ उघडें करते. शेवटीं संमति मिळते, पण अटीवर. दिवसा तिनें भीमाला घेऊन हिंडावें आणि रात्रीं त्याला परत आणून पोंचवावें, असें युधिष्ठिर सांगतो. पुत्र होईपर्यंतच मी तुझ्याबरोबर राहीन, असें भीम सांगतो.

या प्रसंगांत वडीलधाऱ्यांनीं तीन गोष्टी केल्या. मुलीच्या जिवाला धोका होऊं दिला नाहीं, तिचें म्हणणें तिच्याच तोंडून ऐकून घेतलें, आणि मग स्पष्ट शब्दांत मर्यादा घातली. हा क्रम आम्हांला महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे बहुधा तो उलटा असतो. मर्यादा आधीं घातली जाते, ऐकणें कधींच होत नाहीं, आणि जिवाचा विचार सुचतो तेव्हां वेळ निघून गेलेली असते.

तथापि ही कथा सर्वस्वीं गोड मानणें अप्रामाणिकपणाचें होईल. घटोत्कच जन्मला, पांडव पुढें गेले आणि हिडिंबा मागें राहिली. पुढें भारतीय युद्धांत कर्णानें अर्जुनासाठीं राखून ठेवलेली शक्ति घटोत्कचावर खर्ची पडली आणि अर्जुन वांचला. जिला सून म्हणून घरीं नेलें नाहीं, तिच्या मुलाच्या प्राणांवर घरचा विजय उभा राहिला. महाभारतकारांनीं हें लपविलें नाहीं, आणि आपणहि तें विसरूं नये. परक्या घरच्या मुलीचें प्रेम चालवून घेणें आणि तिला आपली मानणें यांत मोठें अंतर आहे.

आजच्या मराठींतल्या दोन कृति या दृष्टीनें पाहण्याजोग्या आहेत. मिलिंद बोकील यांची 'शाळा' ही कादंबरी २००४ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्यांत आणीबाणीच्या काळांतला, नववींतला मुकुंद जोशी वर्गांतल्या एका मुलीवर मन जडवितो. ती त्याच्या बोलण्यांत 'शिरोडकर' असते. शाळेंतल्या मुलांची रीतच तशी. येथें लग्न नाहीं, पलायन नाहीं, आणि शेवटीं वाट्याला येतो तो दुरावा. तरीहि ती प्रीति खोटी होती असें वाचकाला क्षणभरहि वाटत नाहीं. टिकलें नाहीं तें खोटें, हा आपला हिशेब येथें चुकतो. आणि या मुलाला एक नरूमामा आहे, ज्याच्याशीं त्याला मोकळेपणानें बोलतां येतें. कादंबरीच्या मोठ्या पसाऱ्यांत हा मामा लहानसा दिसेल. आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें तो फार मोठा आहे.

दुसरी कृति नागराज मंजुळे यांचा २०१६ सालचा 'सैराट' हा चित्रपट. बड्या पाटलाची आर्ची आणि मासेमारी करणाऱ्या घरचा परशा यांना गांवांत आसरा मिळत नाहीं. आसरा देते ती दूर हैदराबादेंतली एक परकी बाई, सुमनअक्का. नात्याच्या माणसांचें कर्तव्य तिला करावें लागतें. चित्रपटाच्या पूर्वार्धावर पोरें नाचलीं. पण उत्तरार्धांत खोलीची घाण, कामाची वणवण, संशय आणि भांडण हें सारें आहे. आपला दुसरा आक्षेप येथें लागूच पडत नाहीं. शेवटीं माहेरच्या भेटी घेऊन आलेलीं माणसें दोघांचा प्राण घेतात आणि मागें राहतें तें अजाण मूल. हा केवळ कल्पनेचा खेळ नाहीं, हें वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणाहि गृहस्थाला सांगावयास नको.

म्हणून आईबापांनीं पुस्तकाची परीक्षा करावी ती अशी. त्यांतला मुलगा मुलीला माणूस म्हणून पाहतो, कीं केवळ मिळविण्याची वस्तु म्हणून? तिच्या नकाराला त्यांत किंमत आहे काय? प्रेमाची किंमत कोणाला आणि किती मोजावी लागते, हें लेखक दाखवितो काय? ज्या कथेंत नकार म्हणजे होकाराची पहिली पायरी समजली जाते, ती कथा कितीहि सोज्वळ असली तरी आम्ही तिला वाईट म्हणूं. आणि जींत दोन विजोड जीव एकमेकांमुळें अधिक शहाणे होतात, ती कितीहि धीट असली तरी तिच्यापासून आम्हांला भय वाटत नाहीं.

वडीलधाऱ्यांनीं नेहमीं होच म्हणावें, असा याचा अर्थ नव्हे. २०१२ च्या बालकांच्या संरक्षणाच्या कायद्यानें १८ वर्षांखालील मुलाची किंवा मुलीची लैंगिक संबंधाला दिलेली संमति ही संमतीच मानली जात नाहीं. एका अविचारानें कोवळ्या मुलावर फौजदारी खटला उभा राहूं शकतो. हें मुलांना धाक म्हणून न सांगतां माहिती म्हणून सांगणें आईबापांचें काम आहे. त्या वयापर्यंत 'थांबा' म्हणण्याचा अधिकार त्यांना निःसंशय आहे. पुढें मात्र तो अधिकार सल्ल्यापुरता उरतो. दोन सज्ञान व्यक्तींनीं एकमेकांना निवडलें तर त्यास कुटुंबाची वा जमातीची संमति आवश्यक नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २७ मार्च २०१८ रोजीं शक्ति वाहिनी या संस्थेच्या याचिकेवर स्पष्ट सांगितलें, आणि अशा जोडप्यांच्या संरक्षणाचे आदेश सरकारांना दिले. न्यायालयाला घराचें काम करावें लागावें, ही घरांना भूषणावह गोष्ट नाहीं.

तिसऱ्या आक्षेपाचें उत्तर यांतच आहे. कथेंतल्या आंधळ्या बापामुळें खऱ्या बापाचा आदर कमी होत नाहीं. खऱ्या बापाशीं बोलतां येत नसलें म्हणजे मात्र मुलांना कथेंतला बाप ओळखीचा वाटूं लागतो. जें सरळ बोलतां येत नाहीं, त्याला वाट करून देण्याची रीत आपल्या जुन्या माणसांना ठाऊक होती. खानदेशांत आखाजीला लेकी माहेरीं येतात, झोके बांधतात आणि गाणीं म्हणतात. सासरचा जाच आईसमोर उघड बोलण्याची चोरी असलेली मुलगी झोक्यावर बसून तो गाऊन दाखवी, आणि घरांतल्या बायका कामें करतां करतां ऐकत. गाणें म्हणून कोणी तिच्यावर रागावत नसे, आणि तिचें सुखदुःख मात्र घराला कळे. आजच्या मुलीच्या हातांतली कादंबरी तोच झोका आहे असें आम्ही समजतों. तो तोडला तर गाणें थांबेल, दुःख थांबणार नाहीं.

तेव्हां पुस्तक काढून घेण्यापूर्वीं आईबापांनीं तें आधीं स्वतः वाचावें. मग जेवणें आटोपल्यावर मुलीला एवढेंच विचारावें, "यांतल्या मुलीची आई तूं असतीस, तर तूं काय केलें असतेंस?" आणि ती उत्तर देत असतांना मध्यें बोलूं नये.