पाळणे

मराठीत आपण कुत्रं पाळतो आणि शब्दही पाळतो. दोन्हींना एकच क्रियापद पुरतं. २०२० साली त्यात 'अंतर पाळा' या सूचनेची भर पडली. दुकानांच्या दारांत, बँकेच्या रांगेत, रेल्वे स्थानकांच्या फरशीवर ती रंगवलेली होती. त्या दिवसांत जातिवंत कुत्री सांभाळणाऱ्या माणसांना ही तिन्ही पाळणी एकदम करावी लागली. त्यांनी ती कशी केली, हा आजचा विषय आहे. ज्यांच्या घरी कुत्रं नाही त्यांनीही तो वाचावा असं मला वाटतं.

८ मार्च २०२० च्या रात्री बर्मिंगहॅमला 'क्रफ्ट्स' या डॉग शोचा सर्वोच्च मान मेझी नावाच्या राठ केसांच्या डॅशुंड कुत्रीला मिळाला. चार दिवस जगभरची कुत्री आणि त्यांची माणसं एका छताखाली होती. त्यानंतर पंधरा दिवसांत ब्रिटनला टाळं लागलं. १८९१ साली सुरू झालेला हा शो याआधी दोन महायुद्धांत बंद पडला होता आणि १९५४ साली वीज कामगारांच्या संपामुळे रद्द झाला होता. २०२१ मध्ये तो पुन्हा झाला नाही. अमेरिकेत १८७७ पासून चालत आलेला 'वेस्टमिन्स्टर'चा शो न्यूयॉर्क शहराबाहेर, हडसन नदीकाठी टॅरीटाउन इथल्या एका जुन्या वाड्याच्या हिरवळीवर, जून २०२१ मध्ये प्रेक्षकांविना भरवला गेला.

एवढ्या मृत्यूंच्या काळात डॉग शो थांबले याचं काय एवढं, असं कुणी म्हणेल. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण या माणसांशी बोलल्यावर मत बदललं. बाहेरून आपल्याला रिबिनी, चषक आणि कंगव्याने सारखे केलेले केस दिसतात. आत जे चालतं ते वेगळं असतं. परीक्षक प्रत्येक कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवून पाहतो. खांद्याचा कोन कसा आहे, बरगडीला फाक किती आहे, दात कसे बसतात, चालताना मागचे पाय पुढच्यांच्या रेषेत येतात का. अनोळखी माणसाचा हात लागल्यावर कुत्रं बुजतं की स्थिर राहतं, हेही तिथेच कळतं. रिंगबाहेर खुर्ची टाकून बसलेली जुनी माणसं नव्यांना सांगत असतात की या कुत्रीची आजी अशीच होती, पण तिच्या पिल्लांचे डोळे लवकर गेले, तेव्हा ही जोड लावू नकोस. हे ज्ञान कुठल्याही वंशावळीच्या कागदावर लिहिलेलं नसतं. माणसं भेटली तरच ते पुढे जातं. आणि ज्यांच्या डोक्यात ते साठलेलं असतं ती माणसं बहुतेक साठी-सत्तरीची, म्हणजे महामारीने ज्यांना सगळ्यात आधी घरात कोंडलं तीच.

म्हणून त्यांनी धडपड केली. अमेरिकन केनेल क्लबने घरी काढलेल्या व्हिडिओवरून आज्ञापालनाच्या आणि करामतींच्या परीक्षा घेतल्या. दिवाणखान्यात, गॅरेजमध्ये, मागच्या अंगणात माणसं आपल्या कुत्र्यांना शिकवत राहिली. या खटाटोपाला मी कमी लेखत नाही. तीन महिने एकट्या राहिलेल्या म्हाताऱ्या बाईला मंगळवारी परीक्षेसाठी व्हिडिओ पाठवायचा आहे, म्हणून सोमवारी उठून केस विंचरावेसे वाटले असतील, तर त्या परीक्षेने कुत्र्याइतकंच तिलाही सांभाळलं.

पण त्या दोन वर्षांत या समाजाची खरी परीक्षा शोच्या रिंगणात झाली नाही. ती फोनवर झाली.

घरात अडकलेल्या सगळ्यांना एकाच वेळी पिल्लू हवं झालं. ब्रिटनमध्ये पिल्लांच्या किमती एवढ्या चढल्या की कुत्री चोरीला जाऊ लागली. याच सुमारास, ६ एप्रिल २०२० रोजी, इंग्लंडमध्ये 'लूसीचा कायदा' अमलात आला. लूसी ही कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल जातीची कुत्री. पिल्लांच्या कारखान्यात वेतामागून वेत काढून तिचं शरीर खिळखिळं झालं होतं. २०१३ मध्ये तिची सुटका झाली आणि २०१६ मध्ये ती गेली. तिच्या नावाच्या कायद्याने सहा महिन्यांखालची कुत्र्याची आणि मांजराची पिल्लं दलालामार्फत विकायला बंदी घातली. पिल्लू जिथे जन्मलं तिथेच, आईसोबत पाहून घ्यायचं. नेमकं त्याच महिन्यात कुणाच्या घरी जायची सोय उरली नव्हती. खोटेपणाला याहून चांगला आडोसा कुठून मिळणार? फोनवर फोटो, फोनवर पैसे, आणि रस्त्याच्या कडेला गाडीतून बाहेर काढलेलं पिल्लू.

आपल्याकडे वेगळं काय झालं? मार्च २०२० मध्ये कुत्र्यांपासून करोना होतो अशी अफवा उठली आणि काहींनी घरची कुत्री रस्त्यावर सोडली. वर्षभरात वारं उलटं फिरलं. आमच्या शेजारच्या इमारतीतल्या एका कुटुंबाने मुलाचा एकटेपणा जावा म्हणून हस्कीचं पिल्लू आणलं. फोटो पाहून, फोनवरच व्यवहार करून. आपल्याकडे २०१७ चे नियम सांगतात की आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. हे जेमतेम पाच आठवड्यांचं असावं, कारण त्याला वाटीतलं खाताही येत नव्हतं. हस्की ही बर्फात गाडी ओढणारी जात. १९२५ साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली तेव्हा अशाच कुत्र्यांनी साडेपाच दिवसांत, सुमारे १,०८५ किलोमीटर अंतर तोडून औषध पोचवलं होतं. त्या वंशातलं हे पोर पुण्यात तिसऱ्या मजल्यावर, एप्रिलच्या दुपारी, स्वच्छतागृहाच्या ओल्या फरशीवर पोट टेकून पडलेलं मी पाहिलं आहे. शाळा उघडल्या, कचेऱ्या उघडल्या. दिवसभर बंद घरात ते रडायचं, दाराचं लाकूड कुरतडायचं. विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, विकलेला माल परत घेत नाही. त्या घरच्या बाईंना मी दोष देत नाही. त्यांनी दीड वर्ष निभावलं आणि शेवटी रडत रडत कुत्रा दुसऱ्याला दिला. पण 'माल' हा शब्द माझ्या कानातून गेलेला नाही.

त्याच काळात अशीही माणसं होती ज्यांनी त्या वर्षी एकही वेत काढलं नाही. येणाऱ्या फोनला ती सांगत, "टाळेबंदी संपल्यावर घरी या, आमची कुत्री बघा, मग ठरवू." पैसा चालून येत असताना त्यांनी तो दारातून परत पाठवला. काहींनी दोन-तीन वर्षांपूर्वी दिलेली कुत्री परत घेतली, कारण मालक आजारी पडला होता किंवा गेला होता. महामारीत हा समाज जिवंत कुणी ठेवला असं मला विचाराल, तर मी या लोकांकडे बोट दाखवीन. व्हिडिओवर पदकं मिळवणाऱ्यांकडे त्यांच्यानंतर.

याला एक जुना दाखला आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये माणसांच्याच अन्नाची टंचाई होती, शो बंद होते. ससेक्स स्पॅनियल ही ठेंगणी, सोनेरी तपकिरी रंगाची जात जवळजवळ संपत आली. जॉय फ्रीअर नावाच्या बाईने आपली मोजकी कुत्री कशीबशी जगवली. तेव्हा तिला कुणी चषक देणार नव्हतं, पाहायलाही कुणी नव्हतं. ही जात आज आहे ती तिच्यामुळे, असं या कुत्र्यांचे जाणकार मानतात. २००९ साली 'वेस्टमिन्स्टर'ला दहा वर्षांचा स्टंप नावाचा ससेक्स स्पॅनियल सर्वोत्कृष्ट ठरला. एवढ्या वयाचा विजेता त्या शोने तोवर पाहिला नव्हता.

मात्र जात जगवणं आणि कुत्रं जगवणं यांत झगडा होतो, हे लपवून चालणार नाही. चपटं तोंड हवं म्हणून श्वास कोंडणारी कुत्री याच जातिवंतपणाच्या हौसेतून निपजली. २०१२ च्या क्रफ्ट्समध्ये पहिल्यांदाच काही जातींच्या विजेत्यांची पशुवैद्यांकडून तपासणी झाली, तेव्हा बुलडॉग आणि पेकिंगीज या जातींची विजेती कुत्री त्यात नापास झाली. टॅरीटाउनच्या हिरवळीवर जिंकला तो वासाबीही पेकिंगीजच. त्या एका कुत्र्याच्या प्रकृतीबद्दल मी बोलत नाही, तो दिमाखात चालला. पण पारितोषिकांना सक्तीची सुट्टी मिळाली होती. आपण नेमकं काय निपजवतो आहोत, हे थांबून पाहायची ती संधी होती. ती पुष्कळांनी घेतली नाही, असं मला खेदाने म्हणावं लागतं. आपली भाषा इथे जास्त शहाणी आहे. आपण गवयाला जातिवंत म्हणतो, घोड्याला म्हणतो, तेव्हा त्याच्या अंगच्या गुणाविषयी बोलतो. गुण म्हणजे धावता येणं, धाप न लागता झोपता येणं, आठव्या वर्षीही जिना चढता येणं.

आपल्या लातूरकडे, चाकूर तालुक्यातल्या जानवळसारख्या गावांत, पिढ्यान्‌पिढ्या कारवान आणि पश्मी कुत्री सांभाळली गेली. लांब पाय, खोल छाती, बारीक कंबर. ती उन्हात टिकतात कारण ती उन्हातच घडली. ३० ऑगस्ट २०२० च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी मुधोळ, राजपालयम, चिप्पीपराई अशा देशी जातींची नावं घेतली आणि बीड पोलिसांनी रॉकी या आपल्या श्वानाला दिलेल्या अखेरच्या निरोपाची आठवण काढली. फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतीय लष्कराने घाम आणि लघवीच्या नमुन्यांवरून करोना हुंगून ओळखणारी कुत्री दाखवली. त्यांत कॅस्पर हा कॉकर स्पॅनियल होता, तर जया आणि मणी ही तमिळनाडूची चिप्पीपराई कुत्री. मणीची जात शतकानुशतकं कुणी राखली? शेतकऱ्यांनी आणि धनगरांनी, एकही चषक न मिळवता.

नाव गाजलं की मागणी वाढते, आणि तिथे मला भीती वाटते. शेतावर धावण्यासाठी घडलेला कारवान फ्लॅटच्या गॅलरीत बांधला, तर त्याची गत त्या हस्कीहून फार वेगळी होणार नाही. देशी जात घेतली म्हणजे पुण्य पदरात पडलं, असं समजू नये.

वाचकहो, तुमच्या घरी पिल्लू आणायचं ठरत असेल तर ते जन्मलं त्या जागी जा आणि त्याची आई पाहा. नियमाने तुम्ही विचारालच की लसी झाल्या का, कागद आहेत का. त्याआधी विकणाऱ्याला एक विचारा : "आम्हाला हा सांभाळता आला नाही, तर तुम्ही परत घ्याल?" तो हो म्हणायला कचरला, तर पिल्लू कितीही गोड असलं तरी रिकाम्या हाताने परत या.