बाण आधी काढा

अन्याय सोसलेल्याला मालवणकडे सांगतात, ‘जा झाला ता झाला, इसरान जा.’ म्हणून मनाच्या जखमेवर औषध म्हटलं की कार्यकर्त्याला संशय येतो : आग विझवायचा हा नवा डाव तर नाही?

संशय रास्त. तरी उपचार नीट बघा. १९८७ साली फ्रान्सिन शापिरो या अमेरिकन बाईंनी ही रीत काढली. भोगलेला प्रसंग मनात आणायचा, त्याच वेळी उपचार करणाऱ्याच्या डावी-उजवीकडे फिरणाऱ्या बोटांमागं नजर न्यायची. पुन्हा पुन्हा. आठवण राहते, तिचा डंख उतरतो. डोळ्यांच्या हालचालीचा वाटा किती यावर शास्त्रज्ञ भांडतात. पण २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेनं या उपचाराची शिफारस केली.

आता खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६. भैयालाल भोतमांगेंची बायको, मुलगी, दोन मुलगे मारले. ते कोर्टात साक्षीला उभे राहिले. २०१७ साली गेले. मोर्चे निघाले, निघायलाच हवेत. पण अशा माणसाच्या रात्रींचं काय? जखमी माणूस म्हणजे चळवळीचा नुसता पुरावा नव्हे.

बुद्धानं दाखला दिला : विषारी बाण लागलेला माणूस मारणाऱ्याची जात, गाव विचारत बसला तर मरेल. आपल्याला तर मारणाऱ्याची जात विचारावीच लागते. मग दोन्ही करू. आधी बाण काढू, मग नावानिशी जाब विचारू. थरकाप थांबलेला माणूसच ठाम बोलतो.

दोस्तहो, विसरणं वेगळं, बरं होणं वेगळं. बरं होणं हाही हक्कच. मालवण-वेंगुर्ल्याच्या सरकारी दवाखान्यातही तो मागायचा.